अर्ध्या मिनिटाची शांतता

दिवा असू द्या तसाच. मला तुमचे चेहरे दिसलेले बरे.

त्या बुधवारी मी साध्याच कामाला निघाले होते. गाडीत मागे टेप वाजवायचं जड यंत्र, शेजारच्या सीटवर डोनटचा खोका. बर्बँकच्या खोऱ्याच्या पार पश्चिम टोकाला, म्हाताऱ्या सिनेकलावंतांच्या विश्रामगृहात, एव्हरेट लस्क राहत होते.

नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. तेही स्टुडिओनंच दिलेलं. आईबापांनी ठेवलेलं पोलिश नाव पोस्टरवर मावलं नव्हतं. सात वर्षांचा करार, चौदा चित्रपट, त्यातल्या नऊ चित्रपटांत ते पहिल्या अर्ध्या तासात मरतात. मग करार संपला, टीव्ही आला आणि एका काउबॉय मालिकेत ते गावचे डॉक्टर झाले.

"सहा वर्षं गरम पाणी मागितलं मी," ते म्हणायचे. "'गरम पाणी आणा आणि सगळे बाहेर व्हा!' एवढीच माझी विद्या. पण त्या सेटवर कॉफीसुद्धा कधी गरम मिळाली नाही."

मी रोचेस्टरला चार वर्षं जुने चित्रपट आणि टेपा जतन करायला शिकून बर्बँकला परतले होते. माझे वडील स्टुडिओत सुतार. त्यांनी महिनाभर खपून उभारलेली खोटी गावं एका दुपारी मोडलेली मी लहानपणी पाहिली होती. आता काहीच मोडू द्यायचं नाही, हरवू द्यायचं नाही, असं ठरवूनच मी आले होते. एव्हरेट मला प्रोफेसरीणबाई म्हणत.

त्या बुधवारच्या दोन आठवडे आधी त्यांनी मला गसबद्दल सांगितलं.

गस दिवेवाला. सेटवर वीस फूट उंचीवर फळ्यांची वाट असते, तिथून तो दिवे सांभाळायचा. एव्हरेटचे डोळे खोल. पडद्यावर ते मेल्यासारखे दिसत. म्हणून गस कुणी न सांगता एक बारीक दिवा त्यांच्या डोळ्यांवर धरायचा. बुबुळात एक ठिपका चमकला की माणूस जिवंत दिसतो.

"त्या दिवशी डॉक्टरच्या खोलीचं चित्रण संपलं," एव्हरेट म्हणाले, "आणि साउंडवाल्यानं खोलीची शांतता घ्यायला सगळ्यांना थांबवलं. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, पोरी. वाक्यांच्या सांध्यात तीच भरावी लागते. अर्धं मिनिट. तो 'झालं' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. नियम म्हणजे नियम. सकाळीच माझ्यामुळे दोन शॉट वाया गेले होते. दिग्दर्शक म्हणाला होता, अजून एक चूक कर आणि घरी जा."

ते हळूच म्हणाले, "मी वर बघितलं. गस छाती धरून कठड्यावर वाकला होता. माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड हललं. मी... मी उभाच राहिलो."

साउंडवाला 'झालं' म्हणाला. एव्हरेट ओरडले. तोवर गस वरून खाली पडला होता, जागीच गेला.

"त्यानं आवाज दिला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बायकोलाही. आणि ती शांतता? ती चांगली निघाली होती म्हणे. डॉक्टरच्या खोलीत पुढचे साठ भाग तीच वापरली. माझ्या एकेका वाक्याखाली तीच आहे." त्यांनी माझा हात धरला. "त्यानं मला हाक मारली होती का गं? तेवढंच ऐकायचंय."

टेप मला एका जुन्या गोदामात सापडली. डब्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं: डॉक्टरची खोली, शांतता, अर्धं मिनिट.

परिचारिका रोझालिंडानं मला दारातच अडवलं. "बाई, त्यांचं हृदय म्हणजे जुनं घड्याळ आहे. किल्ली फार पिळू नका."

"खरं काय ते त्यांना कळायला हवं," मी म्हणाले. तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं.

"कळून काय करणार या वयात?" ती पुटपुटली आणि गेली.

सव्वातीन वाजले होते. बाहेर रणरणतं ऊन, म्हणून पडदे ओढलेले. खोलीत औषधांचा आणि डोनटच्या साखरेचा वास. मी टेप लावली. खरखर झाली. मग एक कंटाळलेला आवाज आला: "खोलीची शांतता घेतोय. कुणी हलू नका."

एव्हरेट उठून उभे राहिले. काठीशिवाय. पाय जुळवून, जणू फरशीवर नटासाठी खडूची खूण आहे.

दिव्यांची गुणगुण ऐकू येत होती. तापलेल्या पत्र्याचा वास आला... तो टेपमधून कसा येईल? कुठेतरी खुर्ची करकरली. मग वर, खूप वर, लाकूड वाजलं.

आणि कुजबुज आली. "एव्ह..."

एव्हरेटनी छताकडे बघितलं. त्यांच्या गळ्याची शीर उडत होती. ओठ घट्ट मिटलेले. आता 'झालं' येईल, मी मनात म्हटलं. आता येईल.

आलं नाही.

हात पुढे करून यंत्र बंद करायचं होतं. हात माझाच होता, मांडीवरच होता. पण तो हलला नाही. श्वासाचा आवाज होईल म्हणून मी श्वाससुद्धा चोरून घेत होते. कशासाठी? कुणासाठी? समोर चाकं फिरत होती.

दार उघडलं. "अहो, काय चाललंय हे? गोळ्यांची वेळ—" रोझालिंडा म्हणाली.

तिच्या शब्दासरशी एव्हरेट कोसळले.

तिनं धावत जाऊन मनगट धरलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे गार पडलेत, बाई. केव्हाचे गार पडलेत. उभे कसे होते हे?"

घड्याळात पावणेपाच झाले होते. टेप कधीच संपली होती. सुटलेलं टोक फटफटत होतं.

त्यांचे डोळे उघडे होते. पडदे ओढलेले, दिवा बंद. आणि दोन्ही बुबुळांत एकेक बारीक ठिपका, वरून पडलेला. मी वर बघितलं. पांढरं छत होतं, बाकी काही नाही.

टेप मी नंतर कार्यशाळेत तपासली. मोजून अर्धं मिनिट आहे. शेवटी साउंडवाला 'झालं' म्हणतो, अगदी खणखणीत. आम्हाला ते ऐकू आलं नव्हतं. कुजबुज मात्र नाही. कुठेच नाही. गसनं हाक मारली होती की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. आणि ज्यांनी विचारलं होतं, त्यांना तर मीच टेप लावून मारलं.

तेव्हापासून खोली गप्प झाली की माझे हातपाय आखडतात. कुणी बोलेपर्यंत सुटत नाहीत. म्हणून मी एवढी बोलते, लोक हसतात मला.

माझं सांगून संपलं. तुम्ही सगळे असे गप्प का?

तुम्ही, कोपऱ्यातले... तुमची पाठ दिव्याकडे आहे ना? मग तुमच्या डोळ्यांत ते काय चमकतंय?

नको, वर बघू नका. फक्त 'झालं' म्हणा. कुणीतरी म्हणा... मोठ्यानं.