ओव्हर

त्या टेपला आता तीस वर्षं झाली. पण टेप लावली की तिच्या गालांवर अजून लाली चढते.

तेव्हा ती संग्रहालयात कामाला होती. परदेशातल्या लढाईवरून रजेवर आलेल्या सैनिकांना बोलतं करायचं आणि ते टेप करून ठेवायचं, हे तिचं काम. त्या सकाळी यायचे होते तोफखान्यातले मिशीवाले काका. दारात उभा राहिला भलताच कुणीतरी — उंच, लाजरा, कान जरा जास्तच मोठे.

"काकांना ताप आलाय. मी चालेन? मी बिनतारी यंत्रावर असतो."

"बोलता येतं ना?"

"तेच तर काम माझं... ओव्हर."

तिला हसू आवरेना. प्रत्येक उत्तराच्या शेवटी हा शब्द! ओव्हर म्हणजे संपलं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं.

तासाभराची मुलाखत आठ दिवस पुरली. एकदा पुढच्या चौकीला त्यानं सकाळपासून हाका मारल्या होत्या. यंत्रावर नुसती खरखर. दुपारी चारला उत्तर आलं, "साखर संपलीय, पाठवा." सांगताना तो हसला, आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"गोळीचं काही नाही हो. उत्तर येत नाही ना, तेव्हा जीव जातो... ओव्हर."

तिनं आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या कपात ओतला.

शेवटच्या दिवशी तो टेपकडे बघत म्हणाला, "उद्या परत चाललोय. तुम्ही मला फार आवडता... ओव्हर."

आवडते, आणि लगेच संपलंसुद्धा? तिचं डोकंच फिरलं. तिनं खट्कन बटण बंद केलं. तो थोडा वेळ थांबला, टोपी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बरे झालेले काका आले. तिनं फणकाऱ्यानं विचारलं, "तुमच्यात सगळं इतक्या पटकन ओव्हर होतं का हो?"

"अगं बाई, संपलं म्हणजे आऊट! ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. समोरचा बोलेपर्यंत कान लावून बसतो बिचारा."

ती धावत सुटली. छावणीच्या फाटकातून गाडी निघतच होती. खिडकीत ते मोठे कान दिसले.

"मलाही!" ती अख्ख्या पलटणीसमोर ओरडली. "मलाही तुम्ही आवडता... ओव्हर!"

त्याचा चेहरा फुलला. "खरखर फार आहे! पुन्हा सांगा... ओव्हर!"

गाडी वळेपर्यंत तिनं चार वेळा सांगितलं.

आता त्या कानांना खरंच कमी ऐकू येतं. टेपवर तिचं उत्तर नाहीच. शेवटी नुसतं खट् वाजतं. मग शेजारच्या खुर्चीतून तो विचारतो, "पुढं काय म्हणालीस गं?"

आणि ती पुन्हा सांगते, जरा मोठ्यानं.