गफारभाऊंची जाहिरात

ऐकीव गोष्ट असती तर मी सांगितलीच नसती. त्या दिवशी त्या घरात मी होते. माझी मुलगी आरोही माझ्या मांडीला टेकून बसली होती.

जळकोट. मागच्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती, तुरीची रास नुकतीच घरी आली होती. आमचं घर गावाबाहेर, शेतात. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा येतो.

माझे मिस्टर इंद्रजित सकाळीच तुळजापूरला गेले होते. घरात मी, आरोही आणि माझ्या सासूबाई द्वारकाबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

आधी गफारभाऊंबद्दल सांगते.

आमच्या भागात रिक्षाला भोंगा लावून पुकारत फिरायचे ते. साड्यांचा सेल, हरवलेलं जनावर, हरवलेलं माणूस... सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. आत्या त्यांना भाऊ मानायच्या. रिक्षा आमच्या घराकडं वळली की पाणी आणि गूळ तयार असायचा.

दोन वर्षांपूर्वी ते वारले.

त्यांचा पुतण्या सैफ दुकानदारांना मोबाइलवरच्या जाहिराती करून देतो. चाचांची जुनी रेकॉर्डिंग त्याच्याकडं होती. दिवाळीत एका साडीच्या दुकानासाठी त्यानं तोच आवाज वापरला. गेम खेळताना मध्येच साड्यांचं चित्र यायचं आणि गफारभाऊ बोलायचे, "ऐका हो मंडळी, ऐका!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तर त्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसले होते. आरोही माझ्या मोबाइलवर फुगे फोडायचा गेम खेळत होती. आत स्वयंपाकघरात आत्या तूर पाखडत होत्या.

सर्र... सर्र... सर्र...

चौकटीतून त्यांचा हिरवा पदर दिसत होता.

गेम थांबला. जाहिरात आली. तेच साड्यांचं चित्र.

"ऐका हो मंडळी, ऐका..."

पण आवाज थकलेला होता. लांबून चालत आल्यासारखा.

"जळकोटच्या द्वारकाबाई... अंगावर हिरवं लुगडं... पायात चप्पल न्हाय... पहाटेपास्नं घरी न्हाईत..."

आरोहीनं माझ्याकडं बघितलं. "आई, आजीचं नाव घेतलं."

"कुणाला त्यांचा आवाज आला तर... चिंचेखालच्या पडक्या विहिरीकडं या हो..."

माझं डोकंच फिरलं. कुणी केला हा चावटपणा? मी जोरात हाक मारली, "आत्या! ऐकलंत का?"

सुपाचा आवाज थांबला.

आतून उत्तर आलं, "हूं..."

नुसतं हूं. आणि पुन्हा... सर्र... सर्र...

मी जाहिरात बंद करायला गेले. कोपऱ्यात फुली असते ना, ती दिसेचना. चित्र तसंच. आणि मग आवाज एकदम हळू झाला. कानाशी बोलल्यासारखा.

"सूनबाई... आतल्या बाईला हाक मारू नगं."



तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. सकाळपासून मी आत्यांचं तोंडच नीट बघितलं नव्हतं. चुलीपाशी त्यांची पाठ होती. मला भाकरी वाढली तेव्हा पदर खाली ओढलेला होता. आरोहीची वेणी घातली, तीही मागं बसून.

आणि दिवसभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या. नुसतं हूं.

मी आरोहीला उचललं आणि अनवाणी पळत सुटले.

मागं सुपाचा आवाज बंद झाला... मी वळून बघितलं नाही.

शेजारच्या रानात श्रीमंतकाका होते. मी एवढंच म्हणाले, "काका, विहिरीकडं चला." त्यांनी माझा चेहरा बघितला. दोर घेतला आणि पळाले.

विहीर कोरडीच आहे. आम्ही वाकून बघितलं.

खाली आत्या पडल्या होत्या. हिरवं लुगडं मातीनं भरलेलं. पाय वाकडा झालेला.

पण जिवंत होत्या.

श्रीमंतकाकांनी गावातली माणसं बोलावली, बाज खाली सोडली. वर आल्यावर आत्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"पहाटं चिंचा येचायला आले अन् पाय घसरला गं. सकाळपास्नं हाका मारून घसा गेला. माझी सय आली न्हाय का तुला?"

 सय यायला त्या माझ्यासाठी घरातच होत्या की...

संध्याकाळी इंद्रजित आले. माणसं घेऊन स्वयंपाकघरात गेले. कुणीच नव्हतं. सूप जमिनीवर पडलेलं. त्यात एक दाणा नाही. तुरीच्या पोत्याचं तोंडही शिवलेलंच होतं.

इतका वेळ ती काय पाखडत होती?

आरोहीची वेणी सुटेना. गाठ कुठं आहे तेच कळेना. शेवटी कात्रीनं केस कापावे लागले.

सैफला फोन केला. तो म्हणाला,

"भाभी, ती जाहिरात दिवाळीनंतर बंद झाली. आता कुठंच चालू नाही. अन् चाचांनी तुमच्या घरचं असलं काही कधी पुकारलंच नव्हतं. माझ्याकडं सगळ्या टेपा आहेत."

आत्या आता काठी घेऊन चालतात. त्यांना आम्ही अर्धंच सांगितलंय. गफारभाऊंचं सांगितलं. घरातल्या त्या बाईचं नाही.

इंद्रजित म्हणाले, गेम काढून टाक. मी काढू दिला नाही.

लोक जाहिरात आली की फुलीकडं बोट नेतात. माझं बोट जात नाही. साबणाची असो, बियाण्याची असो, मी शेवटपर्यंत ऐकते.

मध्येच बंद केली... आणि गफारभाऊंना काही सांगायचं असलं तर?