फ्लेक्सवरचा हात

"आई, हा हात माझा आहे!"

शाळेच्या फाटकावरच्या फ्लेक्ससमोर वर्षाली संतापून उभी होती. भलामोठा फ्लेक्स! मधोमध धाकटी बहीण तेजस्विनी, 'एनडीएत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', एका बाजूला फेट्यातले वडील बबनराव, दुसऱ्या बाजूला आई सुमनताई, आणि खाली काळेवाडीतली अख्खी भावकी, गॉगल लावून. थोरली लेक तेवढी नव्हती. घरच्या फोटोतून तिला कापून काढलं होतं... पण फ्लेक्सवाल्या पिंटूनं घाईत कापलं, आणि तेजस्विनीच्या खांद्यावर वर्षालीचा हात तसाच राहिला. मनगटापासून पुढचा. बिनमालकाचा.

"आज नको गं," सुमनताई कुजबुजल्या. "पाहुणे यायला लागलेत. उद्या भांड."

"उद्या काय, श्राद्ध घालायचंय का माझं?"

तेवढ्यात बबनराव फेटा सावरत आले. फ्लेक्सकडे बघून चरफडले. "पिंट्याला सांगितलं व्हतं, नीट काप म्हनून!"

म्हणजे चूक झाली होती ती एवढीच! वर्षालीच्या मस्तकात तिडीक गेली.

"मला का कापलं, बाबा?"

"फोटोत दिसलीस की पयला सवाल, जावई कुठं हाय? भावकीम्होरं शोभा नको. आन् औक्षणाच्या ताटाला हात लावू नगंस. शाळेनं सवाष्णी ठरवल्यात."

"नवरा जिवंत आहे माझा. मारत होता तेव्हा तर चांगलाच जिवंत होता!"

सुमनताईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना तेवढंच येत होतं.

पोरगी फौजेत कशाला, म्हणून याच बबनरावांनी तेजस्विनीशी महिनाभर अबोला धरला होता. तेव्हा पहाटेच्या अंधारात धाकटी पुढे धावायची आणि थोरली मागून स्कूटी चालवायची, तिच्या पायांपुढे उजेड पडावा म्हणून, कोणी टवाळ आडवा येऊ नये म्हणून... चाकणच्या कंपनीनं सुपरवायझर करतो म्हटलं, तर पहिली शिफ्ट घेतली की पहाटे धाकटीमागं कोण जाणार म्हणून वर्षालीनं तेही सोडलं, आणि घरी अवाक्षर काढलं नाही. आणि आज तीच शोभा घालवणारी!

तेजस्विनी मैत्रिणींबरोबर आली ती हसत. फ्लेक्स पाहिला आणि तिचं हसू विरलं.

"बाबा, माझ्या खांद्यावर कोणाचा हात आहे?"

"आगं, पिंट्याची चूक..."

"हात राहिला ही चूक, की माणूस कापलं ही? मी आत जाणार नाही. करा तुमचा सत्कार त्या हाताचा!"

क्षणभर वर्षालीच्या काळजाला थंडावा वाटला. दुसऱ्याच क्षणी तिनं बहिणीचा दंड धरला.

"गप आत चल. तू माघारी फिरावंस म्हणून पळवलं का तुला? स्टेजवर ताठ उभी राहा. मान खाली घातलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

"ताई, पण तू..."

"मी बसते मागं. चल!"

धाकटी रडत आत गेली. बबनराव सगळं ऐकत उभे होते.

समारंभ सुरू झाला. औक्षण झालं, शाल झाली, टाळ्या झाल्या. वर्षाली शेवटच्या रांगेत आसवं गिळत बसली होती. मुख्याध्यापिकांनी पुकारलं, "आता वडिलांचं मनोगत!"

बबनराव माइकपुढे आले. खिशातलं भाषण काढलं, उलगडलं... तेजस्विनीकडे बघितलं. ती ताठ उभी होती, बहिणीनं सांगितलं होतं तशी. गालांवर मात्र अखंड धार. कागद त्यांच्या हातात चुरगळला.

"मी... मी काय न्हाई केलं," ते म्हणाले. "नको म्हनत व्हतो. केलं ते थोरलीनं. वर्षालीनं."

पहिल्या रांगेतली भावकी चुळबुळली. कोणीतरी खाकरलं. दोन वर्षं कोणी विचारलं की बबनराव "लेक चार दिस आलीया" म्हणत आले होते. आज त्यांनी माइक घट्ट धरला आणि आवाज अगदी तळाला गेला.

"ती आता आमच्यातच असती. कायमची. तिला मीच कापलं फोटोतनं."

आणि शेवटच्या रांगेतून एक रडका, चिरका, पेटलेला आवाज आला:

"ऐकू नाही आलं, बाबा!"

माना वळल्या. वर्षाली उभी होती. दोन्ही मुठी आवळलेल्या, डोळे वाहताहेत आणि पुसायचं भान नाही.

बबनरावांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. सगळ्या भावकीवरून नजर फिरवली, आणि मग मळ्यात हाक मारावी तसा आवाज लावला.

"माझी थोरली लेक नवऱ्याला सोडून आलीया! ती माझ्या घरात ऱ्हाती! ज्याला इचारायचं त्यानं मला इचारा! वर्षाली... ये बाळा, वर ये."

वर्षाली निघाली. राग अजून शमला नव्हता. पावलं तशीच धाडधाड पडत होती. पण पायरीशी बापानं हात पुढे केला, तेव्हा तिनं तो धरला.