पाचशे बारा पानांचा खून

"एवढं जाडजूड? खून याच पुस्तकानं केला असणार!" तो म्हणाला, आणि काउंटरमागच्या उत्तराला हसू आलं… कितीतरी महिन्यांनी.

हुबळीच्या विद्यानगरातल्या वाचनालयात दुपारी ती एकटीच काउंटरवर असायची. दोन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून घरच्यांच्या उसाशांपेक्षा तिला ही पुस्तकांची शांतता बरी वाटायची. हा आला तो थेट म्हणतच, "वाचायची सवय नाही मला. पण एक मोठं पुस्तक वाचायचंय."

तिनं आपलं सर्वांत लाडकं पुस्तक पुढं केलं. स्वीडनमधली खुनाची कादंबरी, मराठी अनुवाद. गोठलेल्या तळ्यात सापडलेलं प्रेत, तीन पिढ्यांची भांडणं आणि सारखीच वाटणारी बावीस नावं.

"नवख्याला जड जातं. पण पहिली सत्तर पानं माझ्यासाठी वाचा, पुढची तुम्ही आपणहून वाचाल."

"तुमच्यासाठी? मग सत्तरच का?"

तिचे कान गरम झाले. मान खाली घालून तिनं कोण कुणाचं कोण, याची चिठ्ठी लिहून दिली.

"जरा… मोठ्या अक्षरात लिहाल?"

त्याचं नाव श्रीवत्स. धारवाडचा, गोकुळ रोडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढायचा. दर शनिवारी धारवाड-हुबळी धावणाऱ्या चिगरी बसनं यायचा आणि पुस्तक डोळ्यांशी धरून तिच्यासमोर वाचत बसायचा.

"कुणावर संशय आहे?"

"पाद्र्यावर. फार गोड बोलतो."

"गोड बोलणारे सगळे खुनी?"

"नाही… काही वाचनालयातही बसतात."

तासाभरात त्याची जेमतेम दहा पानं व्हायची. आपल्यासाठीच रेंगाळतोय, असं वाटून ती मनात मोहरायची. शनिवारी ठेवणीतला कुर्ता घालायची.

सातव्या शनिवारी त्यानं पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं. "पुढं नाही जमत."

"कंटाळलात?"

"डोळे, उत्तरा." पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. "नजर कडेनं मिटत चाललीये. थांबणार नाही म्हणतात डॉक्टर. ड्रॉइंगचं कामही सुटलं. दिसतंय तोवर एक तरी मोठं पुस्तक वाचावं म्हणून आलो होतो…"

तिनं पुस्तक उघडलं आणि ती मोठ्यानं वाचू लागली. पुढचे पंधरा शनिवार ती वाचत राहिली, तो डोळे मिटून ऐकत राहिला. खुनी पाद्री नव्हता. शेवटचं पान संपलं, तेव्हा बाहेर सरी कोसळत होत्या.

"उद्या मी म्हैसूरला ताईकडे जातोय. कायमचा," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही वर्षानुवर्षं माझा हात धरून रस्ते ओलांडाल. मग एक दिवस मला तुमच्या आवाजात थकवा ऐकू येईल… तो ऐकायचं धाडस नाही माझ्यात."

"माझ्या वतीनं तुम्हीच ठरवलंत?"

"ठरवलं नाही. घाबरलो."

"मला तुम्ही आवडता, श्रीवत्स. एवढं तरी ऐकून जा."

तो हलकेच म्हणाला, "आणखी एकदा म्हणा…"

तिनं म्हटलं. तो अगदी जवळ आला. आधी तिचं कपाळ, मग भुवई, मग ओठांखालचा तीळ… एकेक करून बघत राहिला.

"काय करताय?"

"पाठ करतोय."

दुसऱ्या दिवशी हुबळीच्या बसस्टँडवर ती न सांगता गेली. गर्दीतून तिनं जोरानं हाक मारली, तेव्हा बस हलली होती. आवाज ओळखून तो खिडकीबाहेर झुकला, हसला आणि जोरजोरात हात हलवू लागला… तिच्यापासून चार पावलं दूर, एका खांबाकडे बघत.

उत्तरा धावत जाऊन त्या खांबापाशी उभी राहिली.