सन दोन हजारातला नंदी

बुधवारी सकाळी अकरा वाजता नत्थूजींच्या ओसरीवर नंदी नव्हता.

शेतावरून परत आलेल्या नत्थूजींनी फाटक उघडलं, मेन स्विच वर केला, आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. टीव्हीखालच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून 'फट्' असा आवाज येऊन धूर निघाला. आणि खांबाजवळची साखळी जमिनीवर रिकामी पडलेली दिसली.

सिंदी मेघेतल्या त्या गल्लीचा हा नंदी सागवानी लाकडाचा, चार चाकांवर उभा, सातवीतल्या अंकितच्या कमरेएवढा उंच. अंकित म्हणजे नत्थूजींचा नातू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तेव्हा पोरं आपापले लाकडी बैल सजवून ओढत नेतात. गल्लीचा हा मोठा नंदी ओढायचा मान मात्र दरवर्षी चिठ्ठी टाकून एकालाच मिळतो. यंदा चिठ्ठी काजलची निघाली होती, म्हणून साखळीच्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडे होती. तान्हा पोळा शनिवारी होता.

"सकाळी इथं कोण होतं?" नत्थूजींनी विचारलं.

"मी होती, आबाजी," काजल म्हणाली. "झुलीचं माप घ्यायले आलती. साखळी सोडली, माप घेतलं अन्..."

"अन् परत लावली?"

काजलनं साखळीकडे पाहिलं. लावली होती. नक्की लावली होती. की कालचं लावलेलं आठवत होतं?

"लावली... असन," ती म्हणाली.

त्या एका 'असन'नं घात केला! दुपारपर्यंत गल्लीभर झालं: काजलनं कुलूप उघडं ठेवलं आणि नंदी चोरीला गेला. संध्याकाळी नत्थूजींनी निर्णय सांगितला. नंदी सापडला तर ठीक, पण यंदा तो दुसरं कोणीतरी ओढेल. ज्याला साखळी सांभाळता येत नाही, त्याच्या हाती कासरा देता येत नाही.

काजल घरी गेली नाही. ती अपेक्षाच्या पायरीवर बसली. अपेक्षा नववीत होती आणि कुणाच्याही रडण्यानं गडबडत नसे.

"रडजो नंतर," ती म्हणाली. "अंकित, तुमच्या ओसरीवर कॅमेरा आहे ना बे?"

"आहे. पण रेकॉर्डर जळला."

"रेकॉर्डर जळला, पण आतली डिस्क? चित्रं तर डिस्कवर असतात ना?"

अंकितनं डोकं खाजवलं. "मले काय माहीत! पण मग दुसरा रेकॉर्डर आणला, त्यात हीच डिस्क टाकली, तर सकाळचं सगळं दिसन!"

"काजलनं साखळी लावली का नाई, तेही दिसन," अपेक्षा म्हणाली.

काजलनं डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं, की लावली नसेल तर तेही दिसेल. तरी ती उठली.

*

गुरुवारी नत्थूजी स्वतःच वर्ध्याला जाऊन नवाकोरा रेकॉर्डर घेऊन आले. दुकानदाराला त्यांनी फक्त 'चार कॅमेऱ्यांचा द्या' असं सांगितलं होतं.

"आबाजी, जुन्या मशीनचा फोटो दाखवला का?" अपेक्षानं विचारलं.

"फोटो कायले? रेकॉर्डर म्हणजे रेकॉर्डर!"

अंकितनं कॅमेऱ्याची वायर उचलली. तिचं टोक गोल, पितळी, फिरवून घट्ट करायचं. नव्या रेकॉर्डरच्या पाठीमागे मात्र चपटी चौकोनी भोकं होती, इंटरनेटच्या वायरीसारखी. त्यानं इकडून लावून पाहिलं, तिकडून लावून पाहिलं.

"दाब ना जरा," नत्थूजी म्हणाले.

"आबाजी, गोल खुंटी चौकोनी भोकात कशी दाबू?"

शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या बंडूजींना बोलावलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "हा नव्या कॅमेऱ्यांचा आहे जी. तुमचे कॅमेरे जुन्या काळचे. यांना जुन्या-नव्या दोन्हींचा चालणारा पाहिजे. माझ्या दुकानात आहे."

त्यांनी आणलेल्या रेकॉर्डरला गोल भोकं होती. वायरी खटाखट बसल्या. टीव्हीवर ओसरी उमटली, फाटक उमटलं, फाटकातून आत डोकावणारी शेजारची मांजरही उमटली!

"आलं! आलं!" अंकित नाचायला लागला.

बंडूजींनी जळलेला रेकॉर्डर उघडला, त्यातली डिस्क काढून नव्यात बसवली. पडद्यावर एक चौकट आली. बंडूजींनी मोठ्यानं वाचलं, "डिस्क ओळखता येत नाही. फॉरमॅट करायची? हो. नाही."

"करा ना हो," नत्थूजी म्हणाले. "बसू द्या एकदाची."

बंडूजींचा माऊस 'हो'वर गेला.

"थांबा!" अपेक्षानं सरळ प्लगच उपटला. टीव्ही, रेकॉर्डर, सगळं काळं झालं.

"काय करून राह्यली पोरी!" नत्थूजी ओरडले.

"काका, फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसणं ना?"

बंडूजींनी जीभ चावली. "हो वं. सवयीनं हात गेला माझा. कॅमेरे कोणत्याही कंपनीचे चालतात यात, पण डिस्कवर लिहायची रीत ज्याची त्याची वेगळी. जुनं पाहायचं तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं मशीन लागन. अन् ते आता बनतच नाई."

म्हणजे कॅमेरे चालू करणारा रेकॉर्डर मिळाला होता, आणि त्यानं काजलचा काहीच उपयोग नव्हता. 

काजलनं हळूच विचारलं, "आबाजी, कॅमेरे बसवले तेव्हा बसवणाऱ्यानं फक्त तुमच्याच घरी बसवले होते का?"

"छे! नागपूरचा पोरगा होता. आठ दिवस इथंच राह्यला. अर्ध्या वस्तीनं बसवून घेतले."

"मग तसाच रेकॉर्डर कोणाकडे तरी असन ना!"

*

शुक्रवारी गावात पोळ्याची धावपळ होती. तिघं मात्र माना वर करून भिंती बघत फिरत होते. नत्थूजींचा कॅमेरा पांढरा, लांबट, वर टोपीसारखी पत्र्याची झापड. एका घरी तसाच दिसला, पण आत रेकॉर्डर नवा होता. दुसऱ्या घरी रेकॉर्डर भंगारात गेला होता. तिसऱ्या घरी कुत्रं होतं, तिथून तिघंही पळत सुटले.

"आपण काय शोधून राह्यलो बे?" अंकित धापा टाकत म्हणाला. "नंदी, का चोर, का डबा? माह्या तर डोक्यात भुसा झाला!"

"डबा," अपेक्षा म्हणाली. "डब्यात चोर. चोराजवळ नंदी."

"चोर मीच निघाली तर?" काजल म्हणाली.

अपेक्षानं तिचा हात धरला आणि ती पुढच्या गल्लीत वळली.

नाल्याजवळच्या घरावर झापडवाला कॅमेरा होता, पण त्यावर चिमणीनं काड्या रचल्या होत्या आणि वायर तुटून लोंबत होती. दार जिजाबाईंनी उघडलं. त्या निवृत्त शिक्षिका.

"रेकॉर्डर? तो कधीचा बंद केला मी. मुलगा पुण्याला गेला, मग बघायचं कोणाला?"

"पण आहे का?" तिघं एका सुरात.

जिजाबाईंनी बैठकीतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीत प्लॅस्टिकची सूर्यफुलं. अंकितनं रुमालाचा कोपरा उचलला. खाली काळा डबा होता. तीच कंपनी, तेच नाव, तोच नंबर!

"घेऊन जा," जिजाबाई म्हणाल्या. "पण फुलदाणी जमिनीवर ठेवू नका. स्टूल द्या तिला."

*

दुपारी नत्थूजींच्या बैठकीत सगळे जमले. बंडूजींनी डिस्क बसवली. या वेळी चौकट आली नाही. डिस्क ओळखली गेली! अपेक्षानं बुधवारची तारीख टाकली.

काहीच नाही.

मंगळवार. काही नाही. सोमवार, मागचा आठवडा, मागचा महिना. कॅलेंडर कोरं.

"पुसली गेली," बंडूजी हळू आवाजात म्हणाले. "कदाचित जळतानाच गेली असन."

काजल भिंतीला टेकून खाली बसली. आता तिला कधीच कळणार नव्हतं. आणि बाकीच्यांना तर आधीच कळलेलं होतं!

"हे पाह्य," अंकित एकदम हसला. "या डब्याले वाटते आज एक जानेवारी दोन हजार आहे!"

पडद्याच्या कोपऱ्यात खरंच तीच तारीख होती.

"इतकी वर्षं बंद होता ना," बंडूजी म्हणाले. "आतला घड्याळाचा सेल मेला, की लाईन गेल्यावर तारीख मुळावर जाते."

अपेक्षा हळूहळू वळली. "आबाजींच्या डब्याचा सेलही मेला असन?"

"वय तर सारखंच आहे. पण तुमचा डबा रोज चालू असते. वरून इन्व्हर्टर आहे. त्याची लाईन कायले जाईन?"

"मी बंद करतो ना," नत्थूजी म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे.

"घर सोडताना मेन पाडायचा, इन्व्हर्टरही बंद करायचा. आमच्या बापाची शिकवण आहे. रिकाम्या घरी लाईन चालू कोण ठेवते?"

"रोज?" अपेक्षानं विचारलं.

"रोज म्हणजे रोज!"

"म्हणजे आबाजी," अंकित एकेक शब्द मोजत म्हणाला, "तुम्ही घरी असता तेव्हा कॅमेरे चालू. अन् घरी कोणी नसते तेव्हा बंद?"

नत्थूजींनी उत्तर द्यायला बोट वर केलं. बोट तसंच राहिलं.

बंडूजींना हसू आवरेना. अपेक्षा मात्र तोवर सन दोन हजारात पोचली होती. एक जानेवारी! त्या एका तारखेवर चित्रफितींचा ढीग पडला होता. एकीत पाऊस, एकीत कडक ऊन. एकीत दिवाळीचा आकाशकंदील. एकीत अंकित दप्तर घेऊन रडत शाळेत जात होता.

"मी तर तेव्हा जन्मलोच नव्हतो!" अंकित म्हणाला.

"रडायले मात्र हजर होता," काजल म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

ढिगातली शेवटची चित्रफीत अपेक्षानं लावली. ओसरी. काजल नंदीच्या पाठीवर सुतळी धरून माप घेते. मग वाकते, साखळी खांबाभोवती घेते, कुलूप दाबते. एकदा ओढून बघते. परत एकदा ओढून बघते. जाते.

काजल उठून उभी राहिली. चित्र मात्र पुढे चाललं होतं.

पावसाची भुरभुर सुरू झाली. नत्थूजी बाहेर आले. खिशातून दुसरी किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं, नंदीला ढकलत गुरांच्या ढेपेच्या पोत्यांजवळ नेलं, आणि पोती व नंदी दोन्हींवर ताडपत्री टाकली. तेवढ्यात फोन आला. फोन कानाला लावूनच ते आत गेले. थोड्या वेळानं कैलासचा छोटा टेम्पो आला. कैलासनं आणि त्याच्या हमालानं पोती भरली, मग ताडपत्रीत गुंडाळलेलं एक मोठं धूड दोघांनी मिळून वर चढवलं. टेम्पो गेला. नत्थूजी आले, कानाला अजून फोन. त्यांनी हात वर केला आणि चित्र संपलं.

"मेन पाडला," अंकित पुटपुटला.

"पण मी कैलासले इचारलं होतं!" नत्थूजी म्हणाले. "आणखी काही उचललं का म्हणून. थो म्हणे, नाई जी, ताडपत्रीखालचं तेवढंच."

"नंदीचं नाव घेतलं होतं का?"

"नाव कसं घेऊ? पोराले चोर म्हणल्यासारखं होते ना."

"कैलासभाऊले इचारायची लाज वाटली," अपेक्षा शांतपणे म्हणाली, "अन् काजलची नाई वाटली?"

 नत्थूजी उठून काजलसमोर आले. "पोरी, साखळी मी सोडली अन् फोनच्या नादात पार इसरलो. गल्लीले मीच सांगीन. आजच, पोळ्यात, सगळ्यांसमोर. कासरा तुह्याच हाती राहीन."

त्यांनी तसं सांगितलंही. जिजाबाईंनी त्या तिघांसारखी चिकाटी वर्गात कधी पाहिली नव्हती असं जाहीर केलं आणि बंडूजींनी अपेक्षाला सुट्टीत दुकानात यायचं आमंत्रण दिलं.

पण नंदी?

"नेला ना जी!" कैलास फोनवर म्हणाला. "आर्वीले, ढेपेसंगच वर्षालीताईच्या गोठ्यात उतरवला. मले वाटलं, तिच्या पोरासाठी पाठवला तुमी."

नत्थूजींची लेक वर्षाली हिलाही तसंच वाटलं होतं. "बाबा, मी बुधवारीच फोन केला होता ना, पाठवलेलं पोचलं म्हणून! तुमी म्हणलं, बरं. इथं आदेशनं त्याले नाव पण ठेवलं. शिंगं हिरवी रंगवून राह्यला सकाळपासून!"

मागून सहा वर्षांच्या आदेशचा रडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

शनिवारी दुपारी वर्षालीनं नंदी वर्ध्याच्या एसटीत चढवला. आदेशही बरोबर बसला, कारण त्यानं नंदीचं शिंग सोडायला साफ नकार दिला होता.

चार वाजता मैदानात रांग लागली. सगळ्यांचे बैल होते. काजलजवळ झूल होती, कासरा होता आणि पुढे रिकामी जागा होती. ती जागा अंकित आणि अपेक्षा हात पसरून अडवून उभे होते. पंचांनी दोनदा विचारलं, सुरू करायचं का. नत्थूजींनी दोनदा हात जोडले.

सव्वाचारला वर्षालीचा फोन आला. बस खरांगण्याला टायर बदलून निघाली आहे. नंदी कंडक्टरच्या सीटजवळ आहे, आदेश त्याच्या पाठीवर बसला आहे, आणि वर्ध्याला उतरायचं नाही असं म्हणतो आहे.

त्यानंतर तिचा फोन लागलेला नाही. काजल कासरा धरून उभी आहे, आणि अख्खी रांग तिच्यासाठी थांबली आहे.