चौकटीतली ठकी

"ताई, चौकटीबाहेर का गेलीस? आईची चादर खाली लोंबतेय, दिसत नाही का तुला?"

कपाटाआड उभी राहून ताई केस विंचरत होती. हो, कपाटाआड! स्वतःच्याच घरात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी! फणी तशीच केसांत खोवून ती पलंगाशी आली, चादर वर घेतली, आणि फडताळावरच्या बरणीला टेकून उभ्या असलेल्या मोबाईलकडे न बघता म्हणाली, "केस विंचरत होते रे, बाळ्या. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

"दोन मिनिटंच पुरतात," मोबाईलमधून भाऊ म्हणाला. त्याचा आवाज आज सकाळपासूनच चढलेला होता. "आज तीन वर्षं झाली, आठवण आहे ना? त्या दिवशी तू घरी असतीस, तर आज आई चालत असती."

पलंगावरच्या आईने डोळे मिटून घेतले. ताईच्या ओठांवर उत्तर आले होते, तीन वर्षे रोज येत होते... पण तिने ते गिळले आणि औषधाची वाटी उचलली.

भाऊचा धंदाच मुळी पाहण्याचा होता. समुद्रापलीकडे एका मोठ्या गोदामात तो पहारेकऱ्यांचा प्रमुख होता. समोरच्या भिंतीवर गोदामाचे सोळा चौकोन, आणि टेबलावर हा सतरावा, घरचा. आई न्हाणीघरापाशी पडून खुब्याचे हाड मोडले, त्यानंतर आठवडाभरात त्याने हा मोबाईल पाठवला आणि नियम घालून दिला, की सकाळी सातला ताईने व्हिडिओ कॉल लावायचा तो संध्याकाळी सहाला सुटायचा. मध्ये कट करायचा नाही. चार्जर कायमचा खोचलेला, रिचार्ज भाऊ करणार, घरात परके माणूस ठेवायचे नाही, आणि ताईने चौकटीतून हलताना सांगून जायचे. "दूध बघून येते," "कपडे वाळत घालून येते"... शाळेतली मुलगी तरी एवढी परवानगी मागत नसेल! आणि एवढे करून जमत नसेल, तर आईला संस्थेत ठेवू, हे वाक्य तो अधूनमधून सहज टाकत असे. त्या वाक्याने आईचा चेहरा पांढराफटक पडे, नि ताई पुन्हा मुकाट्याने खुर्चीवर येऊन बसे.

रडायचे झालेच तर न्हाणीघर होते. नळ सोडला की आवाज बाहेर येत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळले होते.

गंमत पाहा, अकरा तास फोन चालू असलेल्या त्या घरात फोन म्हणून कधी वाजत नव्हता! वाजणार कसा? आईच्या जुन्या फोनचे कार्ड ह्यातच घातलेले; कुणीही लावावा, तर लाइन दिवसभर भाऊने अडवलेली, आणि सहानंतर तापलेला मोबाईल सकाळपर्यंत बंद. म्हणूनच गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातल्या मास्तरांचा निरोप कागदाच्या चिठ्ठीवर आला. तोसुद्धा समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाईंच्या हातून, ज्यांना सगळी चाळ सिस्टर म्हणत असे.

"माझा हात आता थरथरतो," मास्तरांनी लिहिले होते. "कापड बेतण्यासाठी तुझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. रोज दहा ते बारा, दोनच तास ये. महिनाअखेरपर्यंत वाट पाहीन. मग दुसरी बाई ठेवावी लागेल."

पंचवीस वर्षे ताईने त्याच टेबलावर कापड बेतले होते. आईचे हाड मोडले त्या दिवशी कात्री ठेवली, ती ठेवलीच. चिठ्ठी वाचून तिने नाही म्हणून सांगायला सिस्टरना पाठवलेही असते, पण आईने तिचा हात धरला. मोबाईलला ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजली, "जा तू. माझ्यापायी तू का अडकलीस? हाड माझं मोडलंय गं, तुझं नाही."

"आणि इथे कोण बसेल? खुर्ची रिकामी दिसली, की तुझा लेक घर डोक्यावर घेईल."

आईची नजर कोपऱ्यात गेली. तिथे ताईचा जुना पुतळा धूळ खात उभा होता. कापडी, एका पायाचा, कपडे अंगाला बरोबर बसतात की नाही ते पाहायचा. संध्याकाळी कॉल सुटल्यावर तिघी बायकांनी मिळून मग जो उद्योग केला, तो सांगूनही कुणाला खरा वाटणार नाही! पुतळ्याचा पाय काढून त्याला खुर्चीत बसवले. डोके नव्हतेच. उशीच्या अभ्र्यात चिंध्या ठासून ते केले आणि वरून ताईची करडी शाल पांघरली. ताई एरवीही तशीच बसे, डोक्यावरून शाल, पाठ फडताळाकडे, तोंड खिडकीच्या उजेडाकडे, मांडीवर शिवण.

"बरं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "फक्त डोक्यात चिंध्या भरल्यात बिचारीच्या."

"त्याशिवाय ह्या घरात इतका वेळ बसणार कोण?" आई म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती पोट धरून हसली. आईनेच तिला आपल्या लहानपणीच्या लाकडी बाहुलीचे नाव ठेवले... ठकी.

आईचे अंग पुसताना मोबाईलवर टॉवेल टाकायची भाऊचीच परवानगी होती. तेवढ्यात पावणेदहाला ठकी खुर्चीत बसे, ताई बाहेर पडे, आणि सिस्टर दाराशी, चौकटीबाहेर, लोकर विणत बसत. भाऊने मध्ये काही विचारले, तर उत्तर आईच देई. सव्वाबाराला ताई भिंतीला चिकटून आत येई, आई मोठ्याने म्हणे, "कपडे बदलायचेत गं, टॉवेल टाक," आणि ठकी पुन्हा कोपऱ्यात जाई.

पहिल्या दिवशी ताई घामाघूम होऊन परतली. आता वीज कोसळणार! टॉवेल काढला. भाऊ म्हणाला, "दुपारची गोळी दिलीस का?" बस्स, एवढेच. त्या दिवशी तिला देव पावल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशीही तसेच, तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस गेले, दहा गेले... आणि मग तो आनंद आतून कुजायला लागला. आपण उठून गेलो, आपल्या जागी चिंध्या बसल्या, आणि ज्याला कडेवर घेऊन वाढवले त्या भावाला काडीचा फरक पडला नाही! पकडले जाण्याची भीती तिला आता वाटत नव्हती. न पकडले जाण्याचे दुःख मात्र काळीज पोखरत होते.

आजचा एकोणिसावा दिवस. भाऊचे ते वाक्य उरात घेऊनच ती कारखान्यात गेली. शंभर मुलांच्या गणवेशाचे निळे कापड टेबलावर पसरले होते. कात्री चालत होती, आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. मास्तरांनी पाहिले. फक्त भिजेल म्हणून कापड थोडे बाजूला सरकवले.

सव्वाबाराला ती परतली, तर दाराशी सिस्टर विणकाम सोडून उभ्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. आईचा डोळा लागला होता, म्हणजे टॉवेल टाकायला सांगणारे कुणी नव्हते. आणि आतून भाऊचा आवाज येत होता... पण हा कसला आवाज? चढलेला नाही, दरडावणारा नाही. लहानपणी काही फोडून आला की असाच तो ताईच्या पाठीशी येऊन उभा राहत असे!

"ताई, बोल ना गं... तासभर झाला, तू मान वर केली नाहीस. इतकी रागावलीस? रागाव, तुझा हक्क आहे. मी सकाळी जे बोललो ना, ते खोटं होतं, ताई. तीन वर्षं मी खोटं बोलतोय."

खुर्चीतली ठकी खिडकीकडे तोंड करून मुकाट बसली होती. चौकटीबाहेर, उंबऱ्यात, खऱ्या ताईने दाराची कड धरली.

"आई तुझ्यामुळे नाही पडली. त्या दिवशी फोन मी करत होतो. नऊ वेळा केला. काम काहीच नव्हतं गं! नवा मोबाईल घेतला होता, त्यातून आईला माझी खोली दाखवायची होती. ती अंघोळीला गेली असेल, एवढंसुद्धा मनात आलं नाही. नवव्यांदा तिने उचलला. 'आले रे, बाळ्या,' म्हणाली, आणि धाडकन आवाज झाला. मला वाटलं, फोन पडला. मी... मी ठेवून दिला, ताई! कामावर निघून गेलो. चार तास ती ओल्या फरशीवर पडून होती आणि मी मित्रांना मोबाईल दाखवत होतो..."

तो हमसून हमसून रडू लागला.

"म्हणून कट करवत नाही गं मला. फोन ठेवला की तो आवाज येतो. तू काहीतरी बोल! शिव्या दे, पण पाठ नको फिरवूस!"

आता ताईला राहवले नाही. टॉवेल, भिंत, चोरपावले, सारे विसरून ती धावत आत गेली आणि मोबाईलसमोर उभी राहिली.

"रडू नकोस, बाळ्या! मला माहीत होतं रे!"

भाऊने डोळे पुसले, पाहिले, पुन्हा पुसले. चौकटीत आता दोन ताया होत्या.

"तू... इकडे? मग ती खुर्चीत कोण आहे?"

ताईने ठकीच्या डोक्यावरची शाल ओढली. अभ्र्याचा बोचका कलंडला आणि मानेतून एक लाल चिंधी लोंबू लागली.

"आज एकोणिसावा दिवस आहे. रोज दोन तास ही बसते. मी कारखान्यात जाते, कापड बेतायला."

"एकोणीस दिवस..." भाऊचा आवाज खोल गेला. "आणि मला कळलं नाही?"

तेवढ्याच प्रश्नाने इतक्या दिवसांचा बांध फुटला. "नाही कळलं! चादर सरकली ते कळलं, गोळीला पाच मिनिटं उशीर झाला ते कळलं, पण माझ्या डोक्याजागी उशी होती ते नाही दिसलं रे तुला! मी मेले असते खुर्चीत, तरी तू म्हणाला असतास, ताई, आईला पाणी दे!"

भाऊने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग त्याने विचारले, "तुला माहीत होतं म्हणालीस... कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी आले तेव्हा फोन आईच्या मुठीत होता. त्यात तुझे नऊ कॉल होते. शेजारीपाजारी जमायच्या आत मी ते पुसून टाकले."

"का, ताई? तुझ्यावर आळ आला... मीच घेतला! तरी गप्प राहिलीस?"

"तू तिकडे एकटा होतास. मला निदान आईच्या पायाशी बसून रडता येत होतं. तुला कोण होतं तिथे?"

"पुरे झालं आता," पलंगावरून आवाज आला. आईचे डोळे उघडे होते, कधीपासून कुणास ठाऊक! "मी पडले ती माझ्या उतावीळपणाने. लेकाचा फोन आला, की मी कधी चालत गेले आहे? हिने तुला लपवलं, तू स्वतःला लपवलंस, आणि मी दोघांना. तिघांनी मिळून एकच गोष्ट झाकली, आणि त्या झाकणाखाली ही माझी पोर कोंडली गेली. बाळ्या, मला संस्थेत ठेवायचं तर खुशाल ठेव, पण हिला सोड!"

"आई, असं नको गं बोलूस... कुठेही जायचं नाही तू." भाऊने नाक ओढले. तो ताईकडे पाहत होता. चादरीकडे नाही, औषधांच्या बाटल्यांकडे नाही, तिच्याकडे. "ताई, तुझे केस पांढरे झाले गं. कधी झाले?"

"झाले हळूहळू," ताई म्हणाली आणि रडता रडता हसली. "कपाटाआड."

"सिस्टरना सांग, रोज उघड आत येऊन बसा. मी त्यांच्याशी बोलतो. आणि... कट करू?" नियम घालणारा तो, आज परवानगी मागत होता. "तू सांगशील तरच."

"कर, बाळा."

काच काळी झाली. फडताळावरची बरणी, तिच्यातल्या सुया, भिंतीवरचे घड्याळ, सगळे होते तिथेच होते. ताई खुर्चीवरून ठकीला उचलायला गेली, मग तशीच खोलीच्या मध्यभागी केस मोकळे सोडून उभी राहिली. कुणी काही म्हटले नाही. तिने चार्जर काढला. मोबाईलची पाठ तापलेली होती.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, हात मनगटापर्यंत भरलेले. आणि फोन वाजला. खरोखरची रिंग! तीन वर्षांत त्या घराने ऐकलेली पहिली. ती दचकली, परात सोडून पळत सुटणार...

"अगं, धावू नकोस!" आई पलंगावरून ओरडली. "हात धू आधी. फरशी ओली आहे. सावकाश जा."

ताई थांबली. तिने नळ सोडला, एकेक बोट चोळून धुतले, पुसले. फोन वाजतच होता. मग ती एकेक पाऊल टाकत फडताळापाशी गेली आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवले.

"उचललास?" पलीकडून भाऊ म्हणाला. "घाई नव्हती गं. मी वाट बघत होतो."