नाकापुढचं न दिसणारी गाडी

भर उन्हात, चार पावलांवर बसलेलं मूल चांगल्या डोळ्यांच्या माणसाला दिसत नाही. हे कसं शक्य आहे? कराडच्या सहजीवन सोसायटीत २०४७च्या दसऱ्याला इरावतीला हे कोडं पडलं.

त्याचं असं झालं. तिच्या बाबांनी नवी कोरी गाडी आणली होती. चारही चाकांना ताकद देणारी, आणि बॉनेट अकरा वर्षांच्या इरावतीच्या खांद्याला लागेल एवढं उंच. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. झेंडूचा हार नेमका पुढच्या कॅमेऱ्यावर आला. "समोरचा कॅमेरा झाकला आहे. स्वतः पाहून चालवा," असं गाडीने बजावलं. बाबांनी पाहिलं. अंगण मोकळं होतं. त्यांनी गाडी हलवली.

बाजूला उभ्या इरावतीला मात्र दिसलं, की तिचा चार वर्षांचा भाऊ निहार गाडीपुढे बसून खोबऱ्याचे तुकडे वेचतोय. तिने दारावर दोन्ही हात आपटले. लिंबं चिरडली आणि गाडी थांबली. निहारने निवांत खोबरं तोंडात टाकलं. बाबा पांढरेफटक पडले होते.

"मी बघितलं होतं गं," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

सोसायटीत झाडलोट करणारा बंडोपंत तिथेच होता. तो यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र), त्यामुळे घाबरणं त्याच्या गावी नव्हतं. त्याने सुतळी आणली. एक टोक बाबांना सीटवर बसून डोळ्याशी धरायला लावलं, आणि सुतळी बॉनेटच्या पुढच्या कडेला टेकवून ताणत जमिनीपर्यंत नेली. ती पार तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेली.

"प्रकाश सरळ रेषेत येतो," बंडोपंत म्हणाला. "ही तुमची दृष्टिरेषा (डोळ्यापासून वस्तूपर्यंतची सरळ रेघ). सुतळीच्या वरचं दिसेल. खालचं बॉनेट झाकून टाकेल. ते अंधक्षेत्र (चालकाला न दिसणारा भाग)."

इरावतीने निहारला सुतळीखाली बसवलं. त्याच्या मागे सोसायटीतली आणखी तीन पोरं ओळीने बसली.

"किती दिसतात, बाबा?"

"एकही नाही."

मग शेजारच्या कुलथेकाकूंच्या छोट्या गाडीला तीच सुतळी लावली. निम्म्या वाटेतच ती जमिनीला टेकली.

"पण मोठी गाडी दणकट असते," बाबा म्हणाले. "घाटात आपली माणसं सुरक्षित राहतात."

"आत बसलेली," बंडोपंत म्हणाला. "बऱ्याचदा."

इरावतीने विचारलं, "मग निहार आतला की बाहेरचा?"

खाली उतरून बाबा मोठ्या गाडीपुढे निहारशेजारी मांडी घालून बसले आणि मान वर करून पाहिलं. चालकाची सीट कुठेच दिसेना. डोळ्यांपुढे नुसतं बॉनेट.

"जो तुम्हाला दिसत नाही, त्याला तुम्हीही दिसत नाही," बंडोपंत म्हणाला. "सुतळी एकच आहे."

गाडी ठेवायची की परत करायची, यावर रात्री घरात वाद रंगला. आजोळचा चढ चढायला गाडीत जोर हवाच, हे आईचं म्हणणंही खोटं नव्हतं. इरावतीने कागदावर एक गाडी काढली. चारही चाकांना ताकद, पण नाक खाली झुकलेलं.

"अशी बनवतं का कुणी?" बाबांनी विचारलं.

"नसेल बनवत तर मी बनवीन. विकायच्या आधी पुढ्यात एक मूल बसवून बघायचं, एवढंच तर आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा मोठी गाडी परत करायला निघाले. निहार आईच्या कडेवर होता, अंगणात चिटपाखरू नव्हतं. तरी बाबा गाडीपुढे गेले, वाकून पाहून आले आणि मगच आत बसले.